अरबी शिकायची म्हणजे कोणती?

१८२६ साली इजिप्तचा राज्यकर्ता मुहम्मद अली याने काही तरुण शिक्षणासाठी पॅरिसला पाठवले. त्यांच्याबरोबर इमाम म्हणून गेलेला रिफाअ अल-तहतावी हा कैरोच्या अल-अझहरमध्ये शिकलेला. पॅरिसमध्ये त्याची गाठ सिल्व्हेस्त्र द सासी यांच्याशी पडली. सासी हे त्या काळी युरोपातले सर्वांत मोठे अरबीतज्ज्ञ होते. त्यांनी अरबीचं व्याकरण लिहिलं होतं आणि भल्याभल्या अरबांना दमवणारे ग्रंथ संपादित केले होते. १८३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात तहतावीने त्यांच्या विद्वत्तेची मनापासून वाखाणणी केली. त्याच वेळी त्याने हेही नोंदवलं, की त्यांचे उच्चार परके आहेत आणि हातात पुस्तक असल्याशिवाय त्यांना अरबी बोलता येत नाही.

सासींची योग्यता या नोंदीने उणावत नाही. जगात कुठल्याही विद्यापीठात अरबी शिकायला बसलेल्या विद्यार्थ्यासमोर आज जो प्रश्न उभा राहतो, तोच तहतावीने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी टिपला होता. अरबी शिकायची, पण कोणती? पुस्तकातली की माणसांच्या तोंडातली?

एका भाषेची दोन टोकं

अरब लीगमध्ये २२ देश आहेत. त्या सगळ्यांत वर्तमानपत्रं, पाठ्यपुस्तकं, कायदे, बातम्या आणि औपचारिक भाषणं एकाच भाषेत असतात. तिला ‘फुसहा’ म्हणतात. १९७३ साली संयुक्त राष्ट्रांनी अधिकृत भाषा म्हणून स्वीकारली ती हीच. पण फुसहा कोणाच्याही घरात मूल आईकडून शिकत नाही. घरात, बाजारात, मित्रांत, सिनेमात चालते ती ‘आम्मिया’, म्हणजे त्या त्या प्रदेशाची बोली.

‘मला आता जायचं आहे’ एवढं साधं वाक्य घ्या. फुसहात ते ‘उरीदु अन् अज़्हब अल-आन’ असं होईल. कैरोत कुणी म्हणेल ‘आयिज़ अरूह दिलवअ्ती’, दमास्कसमध्ये ‘बद्दी रूह हल्ला’ आणि मोरोक्कोत ‘बग़ीत नमशी दाबा’. ‘हवं असणं’ आणि ‘आता’ यांसाठीचे शब्द चारही वाक्यांत वेगळे आहेत, ‘जाणं’ तेवढं कैरो आणि दमास्कसमध्ये सारखं आहे. इजिप्शियन सिनेमामुळे कैरोची बोली सगळीकडे समजते. मोरोक्कोची बोली मात्र इराकी माणसालाही अवघड जाते.

मराठीतही प्रमाणभाषा आणि बोली यांत अंतर आहे. पण प्रमाण मराठी किंवा तिच्या अगदी जवळची मराठी बोलणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. अरबीत तसं एकही घर नाही. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली या स्थितीवर एक निबंध लिहिला. एकाच समाजात औपचारिक कामांसाठी एक आणि रोजच्या जगण्यासाठी दुसरी अशी भाषेची दोन रूपं ठरलेल्या वाटणीने नांदतात, हे त्यांनी त्यात मांडलं. त्यांच्या चार उदाहरणांत अरबी होती. शिकलेला अरब या दोन टोकांच्या मध्ये सतत ये-जा करतो. मुलाखत देताना तो फुसहाने सुरुवात करतो, विषय रंगला की बोलीकडे झुकतो आणि दाखला द्यायचा झाला की परत वर चढतो. विद्यार्थ्याला हे दोन्ही जमावं लागतं आणि कधी कोणतं वापरायचं हेही कळावं लागतं.

वाचण्याआधी व्याकरण

पहिलं सत्र लिपी आणि उच्चारांत जातं. अक्षरं २८, उजवीकडून डावीकडे लिहिलेली, एकमेकांना जोडलेली. शब्दात आधी, मध्ये किंवा शेवटी आलं तसं अक्षराचं रूप बदलतं. हे सगळं काही आठवड्यांत हाताला बसतं. घशाच्या खोलातून येणारा ‘ऐन’, दोन वेगळे ‘ह’ आणि जड उच्चारांचे साद, दाद, ता, ज़ा हे चार वर्ण यांना जास्त वेळ लागतो.

खरी अडचण वेगळीच असते. छापील अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. कागदावर फक्त ‘क-त-ब’ असतं. ते ‘कतबा’ (त्याने लिहिलं), ‘कुतिबा’ (लिहिलं गेलं) किंवा ‘कुतुब’ (पुस्तकं) यांपैकी काहीही असू शकतं. कोणतं हे वाक्यावरून ठरवायचं. म्हणजे वाचून मग समजतं असं नाही, समजल्यावरच नीट वाचता येतं. म्हणून अरबीच्या वर्गात व्याकरण पहिल्या महिन्यापासून सोबत असतं. संस्कृत शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला इथे काही ओळखीचं भेटतं. अरबीत द्विवचन आहे आणि नामाच्या शेवटच्या स्वरावरून विभक्ती कळते.

या व्याकरणाची परंपराही थोर आहे. आठव्या शतकात इराकमधल्या बसरा शहरात खलील इब्न अहमद याने अरबीच्या पहिल्या मोठ्या शब्दकोशाची आखणी केली. त्यातली अक्षरं त्याने उच्चारस्थानाप्रमाणे लावली. घशातल्या ‘ऐन’पासून सुरुवात करून ओठांपर्यंत येणारा हा क्रम पाहिला, की कंठापासून ओठांपर्यंत जाणारी आपली वर्णमाला आठवतेच. यामागे भारतीय प्रभाव होता का, यावर अभ्यासकांत वाद आहे. खलीलचा शिष्य सीबवैही मूळचा इराणी होता. अरबी त्याची मातृभाषा नव्हती, पण अरबीचं पहिलं सर्वांगीण व्याकरण त्यानेच लिहिलं. पुढची बाराशे वर्षं अरबी वैयाकरण त्याच्याच पायावर उभे आहेत. परकी भाषा म्हणून अरबी शिकणाऱ्या प्रत्येकाने हा माणूस लक्षात ठेवावा.

मूळ आणि साचा

अरबी शब्दांची घडण तीन व्यंजनांच्या मुळावर होते. मूळ घ्यायचं, ठरलेल्या साच्यात ओतायचं आणि नवा अर्थ मिळवायचा. हे समजून घ्यायला मराठी वाचकाला परदेशी जायला नको. शेकडो अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि येताना आपले साचे घेऊन आले.

शाहीर, साहेब, हाजिर, जाहीर आणि कचेरीतला नाझर हे शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहा. पहिला स्वर लांब, दुसरा ‘इ’कडे झुकणारा. अरबीत हा कर्त्याचा साचा आहे. शाहीर म्हणजे मुळात ‘शाइर’, कविता करणारा. नाझर म्हणजे ‘नाज़िर’, देखरेख करणारा. आता महसूल, मजकूर, मंजूर हे शब्द घ्या. सुरुवातीला ‘म’ आणि शेवटी लांब ‘ऊ’ असलेला हा साचा ज्यावर क्रिया घडली त्याचा. मजकूर म्हणजे उल्लेखलेलं, मंजूर म्हणजे मुळात पाहिलेलं. म्हणून नाझर आणि मंजूर एकाच मुळातले आणि आपली ‘नजर’ही त्यातलीच. तिसरा साचा तालीम, तपशील, तहसील या शब्दांचा. तो एखादी क्रिया घडवून आणण्याचा आहे. महसूल आणि तहसील दोन्ही ‘ह-स-ल’ म्हणजे मिळणं, हाती येणं या मुळातून निघाले. तहसीलदाराने महसूल गोळा करावा, हे त्या शब्दांच्या घडणीतच आहे.

क्रियापदांचंही असंच. ‘अलिमा’ म्हणजे त्याला कळलं. मधलं व्यंजन दुप्पट केलं की ‘अल्लमा’, त्याने शिकवलं. आधी ‘त’ लावला की ‘तअल्लमा’, तो शिकला. ‘इस्त’ लावलं की ‘इस्तअ्लमा’, त्याने चौकशी केली. अशी दहा नेहमीची रूपं विद्यार्थी पहिल्या दोन वर्षांत शिकतो. त्यानंतर अनोळखी शब्द समोर आला, तरी त्याचं मूळ ठाऊक असेल तर अर्थाच्या जवळपास पोहोचता येतं. अनेकवचनं मात्र पाठच करावी लागतात, कारण शब्द आतून बदलतो. हालचं अहवाल, खबरचं अखबार. मराठीत हे चारही शब्द आहेत, पण ‘अहवाल’ हे ‘हाल’चं अनेकवचन आहे हे आपण विसरून गेलो आहोत.

मराठीतले अर्थ बदललेले असल्यामुळे इथे सावधही राहावं लागतं. अरबीतली ‘तालीम’ म्हणजे शिकवणं. तिथे कुस्तीही नाही आणि नाटकाचा सरावही नाही. तरीही साचा कानात आधीपासून बसलेला असणं हा मराठी विद्यार्थ्याचा मोठा फायदा आहे. वर्गात त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला पाहिजे.

कोश आणि एक नाव

बहुतेक अरबी कोश मुळांच्या क्रमाने लावलेले असतात. ‘मकतब’ शोधायचा तर ‘म’ खाली नाही, ‘क-त-ब’ खाली पाहायचं. मूळ ओळखता येत नाही तोवर कोश उघडताच येत नाही. विद्यापीठांत सर्वांत जास्त हाताळला जातो तो हान्स व्हेर यांचा आधुनिक अरबीचा कोश. तो १९५२ साली जर्मनमध्ये आणि १९६१ साली इंग्रजीत आला.

या कोशामागे हेडविग क्लाइन हे नाव आहे. हॅम्बुर्ग विद्यापीठातली ही हुशार ज्यू विद्यार्थिनी. ओमानच्या इतिहासावरच्या एका अरबी हस्तलिखितावर तिने १९३७ साली प्रबंध पूर्ण केला, पण नाझी राजवटीत तिला पदवी नाकारली गेली. ऑगस्ट १९३९ मध्ये ती मुंबईला येण्यासाठी जहाजात बसली. भारताचा व्हिसा तिच्या हातात होता. युद्धाचे ढग जमल्यामुळे ते जहाज अँटवर्पहून मागे बोलावलं गेलं. पुढे तिच्या प्राध्यापकांनी तिला व्हेर यांच्या कोशाचं काम मिळवून दिलं. आधुनिक अरबी साहित्यातून शब्द वेचून त्यांच्या नोंदी ती पाठवत राहिली. जुलै १९४२ मध्ये तिला आउशवित्झला नेलं गेलं. तिथून ती परतली नाही. १९४७ साली विद्यापीठाने तिला मरणोत्तर डॉक्टरेट दिली. कोशाच्या प्रस्तावनेत तिचे आभार मानले गेले, पण तिचं काय झालं ते तिथे सांगितलं नाही. तो कोश रोज उघडणाऱ्या विद्यार्थ्यांना हे नाव शिक्षकांनी सांगायलाच हवं.

विद्यापीठांनी काय निवडलं

युरोपातल्या विद्यापीठांना अरबी हवी होती ती ग्रंथांसाठी. १३१२ साली व्हिएन इथल्या चर्च परिषदेने पॅरिस, ऑक्सफर्ड, बोलोन्या आणि सालामांका इथे अरबी शिकवण्याचा ठराव केला. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता आणि प्रत्यक्षात फारसं काही घडलं नाही. पक्की अध्यासनं सतराव्या शतकात आली. लायडनला १६१३ साली टॉमस एर्पेनियस, केंब्रिजला १६३२ साली आणि ऑक्सफर्डला १६३६ साली. वैद्यक, गणित, बायबलचा अभ्यास, लेव्हंटचा म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याचा व्यापार अशी अनेक कारणं त्यामागे होती. पद्धत मात्र लॅटिनचीच राहिली. व्याकरण घ्या, उतारा फोडा, भाषांतर करा. सासी याच परंपरेतले.

अरब जगातलं चित्रही फार वेगळं नव्हतं. अल-अझहरमध्ये विद्यार्थी इब्न मालिकचं सुमारे हजार ओळींचं पद्यबद्ध व्याकरण पाठ करत. १९०८ साली कैरोत नवं विद्यापीठ निघालं आणि लहानपणीच दृष्टी गमावलेल्या ताहा हुसैन यांनी १९१४ साली तिथली पहिली डॉक्टरेट मिळवली. त्यांनी साहित्याच्या अभ्यासाला नव्या चिकित्सेची जोड दिली. पण शिकवण्याचा विषय फुसहाच राहिला. बोली वर्गात आणण्याजोगी गोष्ट मानली गेली नाही.

पाश्चात्त्य विद्यापीठांत बदल झाला तो बोलण्याची गरज वाढल्यावर. अमेरिकेत २००१ नंतर विद्यार्थ्यांची संख्या एकदम चढली. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पाहणीप्रमाणे २००२ साली महाविद्यालयांत अरबीचे सुमारे साडेदहा हजार प्रवेश होते, २००६ साली ते सुमारे २४ हजार झाले. यांतले बहुतेक जण माणसांशी बोलण्यासाठी आले होते. १९९५ साली निघालेली ‘अल-किताब’ ही पाठ्यपुस्तकमाला तेव्हा वर्गावर्गांत पोहोचली. न्यूयॉर्कमध्ये राहणारी महा नावाची एकाकी मुलगी ही तिची नायिका. तिचे वडील संयुक्त राष्ट्रांत काम करतात, म्हणून ‘संयुक्त राष्ट्रं’ हा शब्दप्रयोग विद्यार्थी अगदी सुरुवातीलाच शिकतात. महाची गोष्ट फुसहासोबत बोलीतही ऐकवली जाते. कॉर्नेल विद्यापीठाने तर १९९० पासूनच दोन्ही रूपं एकत्र शिकवायला सुरुवात केली होती. वाचायचं-लिहायचं फुसहात, बोलायचं लेव्हंटच्या बोलीत, तेही पहिल्या दिवसापासून.

दोन्ही एकदम आणल्याने नवशिक्याचा गोंधळ होतो, असा याला आक्षेप आहे. तो खोटा नाही. पण चार वर्षं फुसहाच शिकून कैरोला उतरलेल्या विद्यार्थ्याचा गोंधळ त्याहून मोठा असतो. त्याला अग्रलेख वाचता येतो, पण रिक्षावाल्याचं बोलणं कळत नाही. उलट नुसती बोली शिकलेला गप्पा मारतो, पण पाटीपलीकडे त्याला काही वाचता येत नाही. मुळात शब्दसंग्रहाचा मोठा भाग दोन्हीकडे सारखा आहे आणि मुळं-साचे तर तेच आहेत. एक पक्कं असलं की दुसऱ्याला हात मिळतो. माझ्या मते विद्यापीठाने दोन्ही रूपं जबाबदारीने सांभाळली पाहिजेत, कारण एवढा वेळ आणि एवढे शिक्षक एकत्र देऊ शकेल अशी दुसरी जागा नाही.

वेळ तर लागतोच. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अंदाज असा, की इंग्रजी भाषकाला स्पॅनिश कामापुरती यायला सहाशे ते साडेसातशे तास लागतात, अरबीला २,२००. म्हणूनच चांगल्या अभ्यासक्रमात एक वर्ष अरब देशात राहण्याची सोय असते. २०११ पर्यंत त्यासाठी दमास्कस फार आवडतं होतं. सीरियात युद्ध पेटलं आणि तो ओघ अम्मान, मोरोक्को अशा ठिकाणी वळला.

आपल्या दारात

भारतात अरबीचं शिक्षण मदरशांत शतकानुशतकं चालत आलं आहे आणि तिथल्या व्याकरणाची बैठक आजही भक्कम आहे. अलीगढ, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबाद, कालिकत इथे विद्यापीठीय विभाग आहेत. मुंबईत जोगेश्वरीचं इस्माईल युसुफ कॉलेज १९३० साली निघालं, ते अरबीच्या अध्यापनाशी जोडलेलंच. पुण्याच्या कॅम्पातल्या पूना कॉलेजातही अरबी शिकवली जाते. पदवीनंतर आखाती देशांतल्या नोकऱ्या, भाषांतर, आणि ओमान, येमेन, इराकहून मुंबई-पुण्यात उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांसोबत दुभाष्याचं काम मिळतं. रुग्ण आपलं दुखणं आपल्या बोलीत सांगतो आणि त्याचे जुने कागद फुसहात असू शकतात. दुभाष्याला दोन्ही कळलं नाही तर डॉक्टरपर्यंत अर्धीच गोष्ट पोहोचते.

पण नोकरीपलीकडचं एक मोठं कारण महाराष्ट्रापाशी आहे. नवव्या-दहाव्या शतकातल्या कोकणाविषयी आणि दख्खनविषयी अरबांनी भरभरून लिहिलं. ८५१ सालच्या एका अरबी वृत्तांतात ‘बल्हरा’ राजाचं कौतुक आहे. हा बल्हरा म्हणजे राष्ट्रकूटांचा ‘वल्लभराज’. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल-मसऊदी ‘सैमूर’ला, म्हणजे आपल्या चौलला, येऊन गेला आणि तिथल्या मोठ्या मुस्लिम वस्तीबद्दल त्याने लिहून ठेवलं. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला ९२६ सालचा संस्कृत ताम्रपट याला दुसऱ्या बाजूने पुष्टी देतो. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणच्या प्रदेशाचा कारभार पाहणारा अधिकारी ‘मधुमति’ म्हणजे मुहम्मद हा अरब होता आणि त्याच्या अमलात देवीच्या मठाला दान दिलं गेलं, असं त्यात नोंदलेलं आहे. सुमारे १०३० साली अल-बिरूनीने संस्कृत पंडितांकडून शिकून भारतावर ग्रंथ लिहिला. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने पंचतंत्राची कथा पहलवीतून अरबीत आणली. करटक आणि दमनक हे कोल्हे तिथे कलीला आणि दिम्ना झाले. आज जगभरच्या अरबी वर्गांत गद्याचा नमुना म्हणून ते पुस्तक वाचतात.

हे सारं मराठी वाचकापर्यंत मुख्यतः इंग्रजी अनुवादांतून आलं. फारसी साधनांच्या बाबतीत सेतुमाधवराव पगडींसारखे अभ्यासक मूळ ग्रंथांपर्यंत गेले आणि मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास त्यामुळे समृद्ध झाला. राष्ट्रकूट आणि शिलाहार काळासाठी अरबी जाणणारी तशी माणसं आपल्याला हवी आहेत. एका हातात ताम्रपट आणि दुसऱ्या हातात मसऊदी घेऊन वाचणारा मराठी अभ्यासक या किनाऱ्याचा इतिहास अधिक पुरा सांगू शकेल.

म्हणून अरबीला प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, विभागात जाऊन तीन प्रश्न जरूर विचारावेत. इथे बोलणं शिकवतात का, आणि कोणत्या प्रदेशाचं? तिसऱ्या वर्षी मी मूळ ग्रंथ वाचत असेन का? अरब देशात काही महिने राहायची काही सोय आहे का? तिन्हींची उत्तरं होकारार्थी यावीत यासाठी आपल्या विद्यापीठांनी पैसा आणि शिक्षक दोन्ही दिले पाहिजेत. आणि तोवर एखाद्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर मिळालं, तर विद्यार्थ्याने ती उणीव स्वतः भरून काढायला पहिल्याच वर्षी सुरुवात करावी. बोली ऐकण्यासाठी इजिप्शियन चित्रपट आहेत, वाचण्यासाठी कलीला आणि दिम्ना आहेत आणि मूळ शोधण्यासाठी हेडविग क्लाइनचे कष्ट ज्यात आहेत तो कोश आहे.